पडद्यावर न आलेली बाई

भाच्याच्या नव्या गाडीत एक पडदा आहे. समोरचे ट्रक, दुचाक्या, माणसं यांची लहान चित्रं त्यावर उमटतात. कुणी आडवं आलं तर गाडी आपणहून ब्रेक लावते, असं तो कौतुकानं सांगत होता. घाटाच्या पायथ्याशी देऊळ दिसलं, तसे त्यानं सवयीनं स्टिअरिंग सोडून हात जोडले. गाडीनं पिंपिं करून त्याला दटावलं.

पुढच्या वळणावर एक बाई पाठमोरी चालली होती. गवताचा भारा एवढा मोठा, की खाली नुसते पाय दिसत होते. पडद्यावर रस्ता मोकळा होता आणि गाडी गप्प होती. मीच ओरडले, तेव्हा त्यानं करकचून ब्रेक दाबला.

"भाऱ्यामुळे गाडीला माणूस ओळखू आला नसेल," तो म्हणाला.

मला गाडीचा राग येईना. वीस वर्षं मी या घाटातून जाते. भारे वाहणाऱ्या एकाही बाईचा चेहरा मला आठवत नाही.

बाई गटारात उतरली आणि तिनं आम्हाला वाट दिली. भाच्यानं काच खाली केली.

"मावशी," तो म्हणाला, "जरा बघून चालत जा."