बाबांची कॉपी

जेवायचं ताट तसंच ठेवून टाइप करतेय, कारण हे आत्ताच सांगितलं नाही तर मी कधीच सांगणार नाही.

माझा भाऊ सात वर्षांचा आहे. एक शब्द बोलत नाही. डुलत चालतो आणि हसतो, सारखा हसतो. बाळ होता तेव्हा करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, किती हसरं पोर, दृष्ट काढा याची. आई रोज मीठ-मोहऱ्या ओवाळायची. ते हसणंच आजाराचं लक्षण होतं, हे कुणाला माहीत.

आत्याचं दर दिवाळीला ठरलेलं. "आमच्याकडे असं कुणी नाही हो वहिनी. तुमच्याकडे बघा." आई फराळाची ताटं भरत राहायची. बाबा पण ऐकून घ्यायचे.

आज नेरूळच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समजावला. प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून; याच्यात एका जीनचा आईकडून आलेला तुकडाच गळालाय. कुणाची चूक नाही म्हणाल्या, असंच होतं. आई खाली बघत राहिली.

बाबा न्हावा शेवा बंदरावर क्लिअरिंग एजंटकडे कामाला आहेत. तिथे प्रत्येक कागदाचे दोन सेट असतात, एक गहाळ झाला की दुसरा लावायचा, माल सुटतो. ते खुर्चीत पुढे सरकले.

"मॅडम, दुसरी कॉपी माझी आहे ना? ती चांगली आहे?"

"चांगली आहे."

"मग ती लावा ना."

"हे बघा, या जीनची वडिलांकडची कॉपी मेंदूत झोपलेलीच असते. सगळ्यांचीच. तिथे हा जीन फक्त आईकडचा चालतो. तुमच्या मुलीचाही, माझाही."

"उठवता येत नाही?"

"संशोधन चालू आहे. पण आज माझ्याकडे काही नाही."

"पण आत आहे ना ती," बाबा म्हणाले. परत म्हणाले.

रिक्षात आई म्हणाली, "माझंच गेलं."

"आणि माझं असून काय उपयोग झाला?" बाबा म्हणाले. भाऊ दोघांच्या मधे बसून हसत होता.

घरी आल्या आल्या आत्याचा फोन. कुणाकडून आलंय म्हणे? बाबा म्हणाले, "आमच्याकडून," आणि कट केला.

आता भावाला समोर घेऊन बसलेत. "बोल, ता-ई." रोजच बसतात, मला वाटलं आज तरी नाही बसणार. तो त्यांच्या तोंडाकडे बघतो आणि खदखदून हसतो. तो मला कधीच ताई म्हणणार नाही. मला कळलंय. बाबांनाही कळलंय, तरी चाललंय त्यांचं, ता-ई, ता-ई.

तुमच्याकडे झालंय का असं? कुणाकडून आलं, असं विचारलं का कुणी? मग तुम्ही काय सांगितलंत?