पुंजारामच्या खिशातला रेडिओ

बजाजनगरच्या पुंजारामला देवानं मान दिली, पण ती खाली घालायची सोय द्यायला तो विसरला. बाशिंग बांधतानाही नवरदेव वाकला नाही. शेवटी पाटावर चढून बांधलं, असं त्याची बायको अजून सांगते.

वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात तो टेस्टिंगला होता. तिथं मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या विजेच्या पेट्या बनत. मालक मुकुंद साहेबांनी भिंतीवर पाटी लावली होती : रेडिओ आणू नये. तिच्याच खाली पुंजाराम खिशातला रेडिओ काढून पेटीजवळ धरायचा.

"गाणी ऐकाया नाय, साहेब. पेटी काय बोलती ते ऐकाया."

पेटीत वीज सेकंदाला हजारो वेळा तुटते अन् जुळते. त्याची खरखर तारांवाटे बाहेर पडते आणि ती रेडिओला आधी कळते. फर्दापूरच्या एका लॉजवाल्याला टीव्हीवर कळली. त्याच्या पंपाला इथलीच पेटी; पंप सुरू झाला की प्रत्येक खोलीत पडद्यावर मुंग्या. ऐन क्रिकेटच्या हंगामात. शनिवारपर्यंत मुंग्या घालवा, नाहीतर पेटी परत, असा त्याचा निरोप आला.

मुकुंद साहेबांनी पेटी कारखान्यात आणवून तिला खरखर अडवणारा फिल्टर लावला. मग दुसरा. मग तिसरा. खरखर होती तिथंच.

"दाराला तीन कुलपं लावली साहेब, पण ती खिडकीतून जाती," पुंजाराम म्हणाला.

खिडकी म्हणजे आशाबाईंची वेणी. वायरिंगच्या आशाबाई पेटीतल्या साऱ्या तारा एकत्र घेऊन दोन-दोन बोटांवर गाठ मारून अशा देखण्या बांधायच्या, की साहेब पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे. त्या वेणीत मोटारीकडं जाणारी खरखरती तार आणि बाहेरून येणारी स्वच्छ तार गळ्यात गळे घालून होत्या. खरखर फिल्टरला वळसा घालून परस्पर पसार.

"वेणी सोडतो," पुंजाराम म्हणाला.

"हात लावलात तर उद्यापासून पॅकिंगला," साहेब म्हणाले.

"जातो की. पण पेटीला मुकी करून जातो." त्यानं कटर उचललं.

"पुंजारामभाऊ," आशाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घरी बायकोच्या वेणीला लावून दाखवा कात्री."

"तिच्या वेणीतून खरखर येत नाय, बाई."

"तोंडातून येत असंल. त्याला फिल्टर हाय का?"

हे मात्र पुंजारामनं ऐकलं नाही. त्यानं येणारी तार डाव्या भिंतीला नेली, मोटारीची उजवीकडं, खालून बाहेर काढली. पेटी सुरू केली आणि रेडिओ शेजारी ठेवला. इतके दिवस त्यात भजी तळल्यासारखा आवाज यायचा. आज कुणी शेतीतज्ज्ञ कपाशीवरच्या माव्याबद्दल बोलत होते. साहेबांनी तिसरा फिल्टर काढला, दुसरा काढला. तज्ज्ञ मध्येच खोकले. खोकलासुद्धा स्वच्छ ऐकू आला.

पेटी परत पंपाला बसली आणि फर्दापूरच्या मुंग्या शुक्रवारीच गेल्या. आशाबाई आता दोन वेण्या घालतात, लांब लांब.

"मग पॅकिंगला कवा जाऊ?" पुंजारामनं विचारलं.

"पॅकिंगवाल्यांनी काय पाप केलंय?" साहेबांनी नंबरची चिठ्ठी पुढं केली. "ही रेडिओला चिकटवा. आता तो कंपनीचं उपकरण."

"नाय साहेब. नंबर लागला की तुम्ही त्याला कपाटात ठेवणार. माझा हाय, खिशातच ऱ्हाईल."

"मग ती पाटी तरी काढू द्या मला."

"असू द्या. तिच्यामुळंच तर मजा हाय."