निकलला हात लागू नये

माझी शाळा आठवीत सुटली. त्यानंतर मी एकच गोष्ट शिकलो, घासणं. कोल्हापुरात एका प्लेटिंगच्या कारखान्यात बारा वर्षं बफावर होतो. नळाच्या तोट्या, सायकलची हँडलं, कपाटाच्या मुठी, जे समोर येईल ते फिरत्या चाकावर धरायचं आणि त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत सोडायचं नाही. कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या शेटजींनी अकोल्यातल्या ओळखीच्या एका बंदूकवाल्याला फोन केला. मी सावंतवाडीकडचा माणूस, गाड्या बदलत बदलत इथे येऊन पडलो. या नव्या मालकांनी जठारपेठेत त्यांच्या घरामागची खोली दिली आणि दोन्ही वेळचं जेवण दिलं. त्याला आता सात वर्षं होतील. त्यांचं नाव घेतल्याशिवाय मी आजही झोपत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी निकल चढवलेलं एक रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, पूस. मी सवयीने फडकं गुंडाळून जोर लावला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"काहून बे, तोटी घासून राहिला का? हे निकल म्हणजे कागद हाये कागद. तू जितकं चमकवशीन तितकं ते उडून जाईन. एक दिवस खालचं लोखंड हसन तुले."

मग त्यांनी शिकवलं. आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही पाहायचं. नळीतून ब्रश एकाच दिशेने काढायचा. सिलिंडरच्या तोंडावर दारूची काळी वलयं दिसतात, ती जाईपर्यंत घासत बसायचं नाही, ती राहिली तरी चालतात. बंद करताना सिनेमातल्यासारखा मनगटाने झटका द्यायचा नाही, दुसऱ्या हाताने हलकेच मिटवायचं. शेवटी जुन्या मलमलीवर तेलाचा एक थेंब. सफाईच्या औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी मला वाचता यायचं नाही, मी घाबरत घाबरत तसं सांगितलं. ते म्हणाले, "वाचाचं काय काम? ज्या बाटलीचा वास डोळ्यात जाते ते निकलले लावाची नाई. निकलच्या खाली तांबं असते, ते त्या वासानं सुटते." एवढ्यावर माझं काम भागलं. दुसऱ्या कोणी मला हाकलून दिलं असतं.

आमच्या दुकानात विकायची हत्यारं थोडी आणि जमा झालेली जास्त. परवानावाला माणूस गेला की त्याचं हत्यार घरात ठेवता येत नाही. घरातल्या कोणाला नवा परवाना मिळेपर्यंत ते पोलिसांकडे तरी राहतं, नाहीतर आमच्यासारख्या दुकानात. आतल्या लोखंडी कपाटात ती सगळी सुती कापडात गुंडाळून ठेवलेली, प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. महिन्यातून एकदा मी ती बाहेर काढतो, पुसतो, पुन्हा गुंडाळतो. त्यातल्या बहुतेकांसाठी कोणीच येत नाही. मुलं पुण्याला, सुना नोकरीत, परवान्याची कटकट कोणाला हवी.

दर्यापूरच्या काकू मात्र यायच्या. साठी उलटलेल्या, काळ्या मातीतलं चांगलं वावर असलेल्या घरच्या. दिवाळीच्या तोंडावर त्यांचे यजमान गेले आणि त्यांचं बत्तीस बोअरचं निकलचं रिव्हॉल्व्हर आमच्याकडे जमा झालं, कारण त्यांनी ते विकत घेतलं होतं आमच्याच दुकानातून. काकूंनी परवाना स्वतःच्या नावावर मागितला होता. दर्यापूर अमरावती जिल्ह्यातलं, म्हणून त्याचे कागद अमरावतीला आणि हत्यार अकोल्याला. एका आठवड्यात त्या अमरावतीची कचेरी करायच्या, पुढच्या कधीतरी जीप आणि बस करून आमच्याकडे. जाळीच्या पलीकडे काउंटरपाशी स्टुलावर बसायच्या आणि म्हणायच्या, "काढ रे भाऊ. पाहू दे."

मालकांचा नियम होता: ज्याच्याकडे परवाना नाही त्याने पाहावं, बोलावं, हवं तर रडावं, पण हात लावू नये. मी त्यांच्यासमोर पुसायचो आणि त्या पाहायच्या.

पहिल्याच वेळी त्यांनी मला पकडलं. "तू वरून कावून सुरू केलं? ते आधी नळी पुसाचे."

मी विचारलं, काकू तुम्हाला कसं माहीत.

"कसं म्हंजे? दर रविवारी बाजेवर मांडी घालून बसाचे, अन मी पुढं तेलाची वाटी धरून. एकतीस वर्षं वाटी धरली म्या. पण त्याले बोट लावू देल्लं नाई त्याईनं. लायसन मायं हाये, म्हणत. मी म्हणो, तुमचं तरी कोठी लायसन होतं माह्यापाशी? तरी संसार केलाच न."

मालक आत बसून होते ते मोठ्याने हसले. मी विचारलं, घरी एकट्या असता, चोरांची भीती वाटते म्हणून हवंय का.

"चोराले काय दाखवू? मले गोळी भरता येत नाई. मले ते फक्त पुसाचं हाये. माह्या नावाचं, माह्या हातानं, रविवारी."

यापेक्षा वेगळं कारण त्यांनी कधी दिलं नाही. अमरावतीच्या अर्जात काय लिहिलं होतं कोणास ठाऊक, हे लिहिलं नसणार.

त्या रिव्हॉल्व्हरच्या चापाच्या वर, निकलवर, तिळाएवढा एक लाल ठिपका होता. मी फडकं तिकडे नेलं तशा काकू म्हणाल्या, "ते राहू दे. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू हाये. त्याईच्या बोटाचं शेवटचं." मी बोट बाजूला घेतलं. पुढचे आठ-नऊ महिने मी त्या ठिपक्याभोवती पुसत राहिलो, देवाच्या टाकाभोवती पुसावं तसा. दर वेळी निघताना त्या जाळीपलीकडून त्याला हात जोडायच्या.

मला शंका आली नव्हती असं नाही. आमच्या गावी खाऱ्या वाऱ्याने दाराच्या कड्या वर्षा-दोन वर्षांत खाल्ल्या जातात. गंजाचा लाल मी लहानपणापासून ओळखतो. पण अकोल्याच्या कोरड्या उन्हात आठ महिने लोखंड कसं कोरडंठाक राहतं, आणि त्यातून बाई सांगतायत कुंकू आहे. आठवी नापास माणसाने कुंकवाला गंज कसं म्हणायचं? श्रावणात हवा दमट झाली आणि तो ठिपका मसुरीएवढा झाला. एक दिवस मलमलीचा धागा त्याच्या कडेला अडकला. पाहिलं तर निकलची कड नखासारखी उचललेली, आणि खाली तपकिरी.

मी ते मालकांना दाखवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"हे कवापासून?"

मी सांगितलं. कुंकू समजून सोडलं, तेही सांगितलं.  खोलीतली वळकटी आणि ट्रंक एका रिक्षात मावेल का, एवढंच डोक्यात चाललं होतं.

"कुंकू पुसलं असतं तं कुंकू निघालं असतं," ते म्हणाले. "पुसून तं पाहाचं होतं."

मी म्हणालो, कोल्हापुरात ओळखी आहेत, पुन्हा निकल चढवून आणतो, माझ्या पगारातून कापा. त्यांनी मान हलवली. पुन्हा चढवायचं तर आधीचं सगळं उतरवावं लागतं, आणि त्यात कोरलेला नंबर पुसट झाला तर कागद आणि हत्यार जुळणार नाही. काकूंचा अर्ज तिथेच संपला असता. तेव्हा आम्ही तेलाचा थेंब सोडून, बांबूच्या काडीने, जेवढा गंज सुटला तेवढा काढला. खालचा खड्डा राहिला.

काकू आल्या त्या दिवशी मी सकाळपासून जेवलो नव्हतो. पण मी तोंड उघडायच्या आत मालक जाळीपाशी गेले. "वहिनी, माह्याकडून चुकलं. पावसात पाहाचं राह्यलं माह्यं." माह्यं म्हणाले. मी मागे उभा होतो, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

काकूंनी चष्मा लावून तो खड्डा पाहिला. "म्हंजे ते कुंकू नोयतंच."

"वरून असन थोडं. खाली गंज होता."

"मंग म्या आठ-नऊ महिने गंजाच्याच पाया पडली म्हणा," काकू म्हणाल्या, आणि हसल्या. मालकही हसले. मला हसता आलं नाही.

त्या दिवसापासून मी ठरवलं की या माणसाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायचं नाही. ते बस म्हणाले की बसायचं, ऊठ म्हणाले की उठायचं. माझ्या डोक्याने एकदा चाललो, पुन्हा नाही.

परवान्यासाठी मुलाची ना हरकत लागत होती. मुलगा पुण्याला. हिवाळ्यात एकदा काकूंनी दुकानातूनच त्याला फोन लावला. त्यांना ऐकायला कमी यायचं म्हणून आवाज मोठा केलेला, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आई, तू एकटी असतेस. घरात ते कशाला?"

"पुसीन."

"पुसायला घरात भांडी कमी आहेत का?"

"तुया बापाचं हाये ते."

"बाबांचा चष्मापण आहे की. तो पूस."

तो वाईट मुलगा नव्हता. आईच्या हातात असलं काही नको, एवढंच त्याचं म्हणणं, आणि कोणीही ते बरोबरच म्हणेल. त्याने सही केली नाही. काकू त्यानंतरही तीनदा अमरावतीला जाऊन आल्या. चैत्रात कागद आला: परवाना देता येत नाही, हत्यार मुदतीत परवानाधारकाला विकावं किंवा सरकारजमा करावं.

"सरकारात गेलं तं काय करतेत त्याचं?" त्यांनी मालकांना विचारलं.

"तोडतेत."

"मंग विका."

गिऱ्हाईक मिळालं. सहीसाठी काकू आल्या त्या दिवशी ऊन असं होतं की दुकानाचं शटर हाताला चटका देत होतं. त्यांना माठातलं पाणी दिलं. त्यांनी सावकाश, अक्षर न अक्षर लावत, तीन ठिकाणी सही केली. रिव्हॉल्व्हर काउंटरवर माझ्या बाजूला मलमलीवर ठेवलेलं होतं, मी सकाळीच पुसून ठेवलेलं. मालकांनी खिशातून चुन्याची डबी काढली, कानाशी हलवली, म्हणाले, "चुना संपला. आणतो." आणि गेले. जाताना दार अर्धं ओढून घेतलं.

काकूंनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भाऊ, दे न एकडाव हातात."

मी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे त्यांना दाखवलं, जणू त्यांनी तेच विचारलं होतं.

"रिकामंच हाये, मले माईत हाये. ते फडकं दे अन दोन मिनिटं दे. पुसते अन ठेवते."

"काकू, मालकांचा नियम आहे."

"मालक नाई न अथी."

"म्हणूनच नको," मी म्हणालो.

त्यांचा पंजा काउंटरवर उताणा होता.  मग त्यांनी तो मागे घेतला आणि पदराला पुसला, त्याला काही लागलेलं नसताना. "बरं," त्या म्हणाल्या. "मंग तूच पूस. आधी नळी." मी पुसलं. नळी, मग सिलिंडर, मग वरून, त्यांनी सांगितलं तसं. शेवटी त्या म्हणाल्या, "आता जमलं तुले." बसची वेळ झाली होती. मालक परत यायच्या आत त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक येऊन रिव्हॉल्व्हर घेऊन गेलं. दुपारी जेवताना मालकांनी सहज विचारलं, "त्या दिवशी किती वेळ हातात घेऊन बसल्या होत्या वहिनी?"

मी म्हणालो, मी दिलं नाही.

त्यांचा घास हातातच राहिला. "नाई देल्लं?"

"तुमचा नियम आहे ना काका."

"अन मी कायले गेलो होतो बे बाहेर?"

"चुना आणायला."

"डबी गच्च भरून होती."

मी म्हणालो, तुम्ही एक शब्द बोलला असता तर.

"असं बोलता येते का?" ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि पुन्हा जेवायला लागले.

हात धुताना मी म्हणालो, रविवारी सुट्टी आहे, मी दर्यापूरला जाऊन काकूंना भेटून येतो.

"जाय," मालक म्हणाले. "पण काय घेऊन जातो?"