शुभांगीचा वेगळा कप

आज आमच्या ऑफिसात मेलेल्या बाईपुढेसुद्धा चहा कागदी कपात ठेवला.

शिसारी आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

शुभांगीला जाऊन आज वर्ष झालं.

आम्ही दोघी एकाच रिसर्च प्रोजेक्टवर होतो. विषय टीबीचा. एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांत एकाला लागण होते आणि दुसरा ठणठणीत कसा राहतो, कुणाची इम्युनिटी कुठे कमी पडते, हे शोधायचं. त्यासाठी पडेगावच्या बाजूला घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचो.

ती मूळची कन्नड तालुक्यातली. आवाज खणखणीत, बोलणं त्याहून.

प्रत्येक घरात तोच प्रकार. पेशंटचं ताट वेगळं, पेला वेगळा. आणि झोपायला सगळे एकाच बंद खोलीत.

शुभांगी कपाळाला हात लावायची.

"अहो मावशी, टीबी ताटातून नाय येत, हवेतून येतो. ताट एक करा अन् खिडकी उघडा!"

"खिडकी उघडली की लई डास येतात गं बाई."

"डासाला मच्छरदाणी लावता येती. ह्याला नाय लावता येत."

मग तिलाच खोकला सुरू झाला. टीबी निघाला. तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा.

कुठून लागला?

त्या घरांतून असेल. नाहीतर आमच्याच ऑफिसच्या खोलीतून. पेशंट तिथं येऊन बसायचे, खोकायचे, आणि खिडक्यांना टेप. एसीची गार हवा बाहेर जाते म्हणून आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुख सरांनी लावून घेतलेली. शुभांगीनं किती वेळा सांगितलं, कुणी ऐकलं नाही.

मी यावरून तणतणायला लागले की ती मलाच दटावायची, "पुरावा हाय का? नाय ना? मग गप बस."

लांबलचक ट्रीटमेंट झाली. रिपोर्ट क्लिअर आले. डॉक्टरांनी लिहून दिलं की आता हिच्यापासून कुणाला धोका नाही. कामावर परत आली ती पेढे घेऊनच.

पेढ्यांना कुणी हात लावला नाही. एकाची शुगर, एकाचं डाएट, एकीचा उपवास.

चहाच्या वेळी पाहिलं तर तिचा निळ्या फुलांचा कप बाकीच्या कपांतून काढून बेसिनच्या कोपऱ्यात ठेवलेला. कपाच्या कानावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. ओळखू यावा म्हणून.

टीबीवर पेपर लिहिणाऱ्या लोकांनी केलं हे! टीबीच्या पेशंटला वाळीत टाकू नका म्हणून वर्कशॉप घेणाऱ्या सरांच्या सांगण्यावरून.

मी जाब विचारायला गेले तर म्हणाले, "मॅडम, सायन्स मलाही कळतं. पण घरी लहान नात आहे. समजून घ्या."

कप वेगळा केला. खिडकी मात्र बंदच ठेवली.

शुभांगी तेव्हा हसली. मग जिन्यात जाऊन रडली.

"गावाकडं माझ्या आईनं ताट वेगळं नाय केलं गं. ह्यांनी केलं."

जंतू मेले होते, पण फुप्फुसं पार खराब झाली होती. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि गेली.

आणि आज हार घातलेला फोटो. खिडक्या बंद, एसी फुल. सरांचं भाषण : "आपली शुभांगी भेदभावाविरुद्ध लढली." वर डोळेही पुसले! लाज कोळून प्यायलेली माणसं.

तिला चहा आवडायचा म्हणून फोटोपुढे चहा. कागदी कपात.

मी उठले. तिचा कप अजून त्याच कोपऱ्यात होता, ठिपक्यासकट. घासून धुतला, त्यात चहा ओतला आणि सरांच्या समोर बसून प्यायले.

सरांनी खिशातून मास्क काढला आणि तोंडाला लावला.

बाई जाऊन वर्ष झालं हो. तरी लावला.

मग मी खिडकीची टेप ओढून काढली. रंगाचे पोपडे निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, एसी चालू आहे." असू दे. शुभांगीच्या खुर्चीवर आता नुकतीच लागलेली एक मुलगी बसते, दिवसभर पेशंटच्या समोर. तिच्यासाठी काढली. उद्या परत लावली तर परत काढेन.

शुभे, कप मी घरी आणलाय. आमच्या कपांतच ठेवलाय.

खिडकी उघडी आहे. आता निवांत जा गं.