दाजींची देवयानी

आचऱ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला रुजू झालो, तेव्हा ओळखपत्रासाठी फोटो हवा होता म्हणून बाजारातल्या दाजींच्या स्टुडिओत गेलो. दाजींनी मला स्टुलावर बसवलं, माझी हनुवटी दोन बोटांनी इंचभर वर केली आणि म्हणाले, "श्वास घेवा, पण माका दिसूक नको." फोटो झाला. मी उठणार तोच त्यांनी विचारलं, "मास्तरांनू, घड्याळ न बघता साठ आकडे मोजूक येतत? घाई न करता?"

घाटावरून आलेला मी, मला वाटलं इकडची काही रीत असेल. मोजले. साठ म्हटलं तेव्हा दाजींच्या घड्याळात एकसष्ट सेकंद झाले होते. "बरो माणूस गावलो," ते आतल्या दाराकडे बघत म्हणाले. आतून त्यांच्या पत्नीचा, माईंचा आवाज आला, "ओ, ह्या मास्तराक तरी सोडा."

दाजींना देवयानीचा फोटो काढायचा होता. देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडची दुसरी दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा मेळा; तिथून उजेड यायला पंचवीस लाख वर्षं लागतात. ती बातमी त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचली आणि माणूस कामातून गेला. "नवऱ्यामुलग्यांका हसा, हसा सांगून माझां तोंड दुखता," ते म्हणायचे, "देवयानी आपणहून उजळ आसा."

त्यासाठी त्यांनी सुताराकडून एक यंत्र करून घेतलं होतं. दोन फळ्या, एक बिजागरी आणि मधून एक लांब स्क्रू. सुताराने ते शेवटपर्यंत उंदराचा सापळा समजूनच केलं. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि मिनिटाला स्क्रूचा एक फेरा द्यायचा, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकत राहतो. दाजी फेरे देणार, मी आकडे म्हणणार. पंधराला पाव फेरा, तिसाला अर्धा. दिवेलागणीनंतर आम्ही तोंडवलीच्या किनाऱ्यावर वाळूत जाऊन बसायचो.

पहिल्या हिवाळ्यात सगळे तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट आले. दाजींनी नेगेटिव्ह बराच वेळ पाहिली आणि अगदी हळुवार म्हणाले, "मास्तरांनू, तुमी चाळीसाच्या फुडे धावतास." खरं होतं. जेवणाची वेळ झाली की माझे आकडे पळत सुटायचे. दाजींनी त्यावरही तोड काढली. "पोट भरलां काय माणूस सावकाश मोजता," असं म्हणून ते मला निघण्याआधी माईंच्या पानावर बसवू लागले. खगोलशास्त्रासाठी मी जितकं बांगड्याचं तिखलं खाल्लं, तितकं दुसऱ्या कुणी खाल्लं नसेल.

दुसऱ्या हिवाळ्यात ती सापडली. फिल्म धुऊन दाजी ओल्या हातांनीच खिडकीशी आले आणि नखाने मला एक लांबट धुरकट ठिपका दाखवला. मग तसेच बनियनवर बाजारात गेले. "पंचवीस लाख वर्सां चलत इलेलो उजेड माझ्या डब्यात गावलो," असं दुकानोदुकानी सांगून आले. हॉटेलवाल्या तात्यांनी विचारलं, "पासपोर्टाचो काढलात काय?" दोन वर्षं बाजार हेच म्हणत होता, की दाजी तोंडवलीला लाटा मोजायला जातात. दाजींनी सगळ्यांना शनिवारच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं आमंत्रण देऊन टाकलं. त्यांचा शब्द आता त्या एका फोटोवर होता.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मोठ्या कागदाचा शेवटचा ताव वापरून फोटो छापला, दोरीवर वाळत टाकला आणि ते लग्नाच्या कामाला निघून गेले. त्याच दोरीवर गिऱ्हाइकांचे फोटो टचिंगसाठी असायचे. नेगेटिव्हवर धूळ असली की फोटोत पांढरे ठिपके येतात, ते बारीक कुंचला शाईत बुडवून भरायचे असतात. हे काम माई करायच्या आणि त्यांच्यासारखा हात तालुक्यात नव्हता. चेहऱ्यावरचे वण, तीळसुद्धा त्या बेमालूम घालवत.

संध्याकाळी मी फोटो न्यायला गेलो, तेव्हा टेबलावर काळाभोर, तुळतुळीत कागद होता. माई मान चोळत म्हणाल्या, "मास्तरांनू, इतकी धूळ मी कधी बघूक नाय. मधलो डाग तर जाताच जाय ना. पण एक ठिपको ठेवूक नाय."

देवयानी म्हटल्यावर कुणा बाईचं चित्र उमटेल, अशी माईंची समजूत होती. साऱ्या बाजाराला दवंडी पिटली, पण घरात कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात दाजी आले. त्यांनी कागद उजेडात धरला, आमची तोंडं पाहिली आणि स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगो, ब्रह्मदेवाकय जमाचां नाय तां तू एका दुपारात केलंस."

माई हसल्या नाहीत. "उद्या सगळो गाव येतलो," एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या. मला फार अपराधी वाटलं.

"नेगेटिव्ह आसा," दाजी म्हणाले. "कागद बारको आसा, पण आसा. चल आत." हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणाच्या, वासाने माईंचं डोकं दुखायचं, त्यामुळे स्टुडिओच्या बारा वर्षांत त्यांनी डार्करूममध्ये पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी पदर नाकाला लावून आल्या. तांबड्या दिव्याखाली पोस्टकार्डाएवढा कागद द्रावणात हळूहळू काळा होत गेला आणि तारे तेवढे पांढरे राहिले. "ही धूळ नाय. हे एकेक सूर्य," दाजी म्हणाले. माई वाकल्या. "आणि ह्यो डाग?" "तो डाग नाय गो. आपल्या आभाळाएवढां दुसरां आभाळ."

माईंनी नाकावरचा पदर सोडला. मग म्हणाल्या, "उद्या दोनय लावया. मी काय पुसलंय तां लोकांका कळांदे."

तसंच झालं. काळ्या कागदापुढे सगळा बाजार पोट धरून हसला आणि त्या हसण्यानेच शेजारच्या पोस्टकार्डाशी वाकला. सगळ्यात जास्त वेळ तात्या उभे होते. "दाजीनू, आमी ह्यात खंय आसंव?" त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, "आमी ह्यात नाय. आमी हंयसून बघतंव." तात्यांनी मान डोलावली आणि पुन्हा बघायला लागले.

त्यानंतर माई विचारल्याशिवाय कुठल्याही चेहऱ्याला कुंचला लावेनाशा झाल्या. "ह्यो तीळ ऱ्हवांदे काय काढू?" असं प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायच्या. लोक गोंधळायचे, आणि दाजींना त्याची मोठी गंमत वाटायची.

माझी बदली झाली. काही वर्षांनी माईंचं पत्र आलं, दाजी गेल्याचं. सोबत त्यांचा फोटो होता. नाकावरचा मस, कपाळावरच्या आठ्या, गालावरची जुनी खूण, सगळं जिथल्या तिथे. माईंनी खाली एकच ओळ लिहिली होती. "ह्यांच्या फोटोला मी हात लावलेला नाही."