सोफ्यावरची दोन माणसं

छाया निमकरला चौकशी केल्याशिवाय घास गोड लागत नसे. टॅक्सीत बसली की पेशावरच्या ड्रायव्हरला गावाकडे अंगण किती मोठं आहे ते विचारायची. भाजीवाल्याला वांगी ओमानची का इराणची, आणि ओमानची असली तर तिथे पाणी कुठून देतात. अमिरातीतल्या फुजैराच्या एका भारतीय शाळेत ती रिसेप्शनवर होती. आता असल्या बाईला कुणी रिसेप्शनवर बसवतं का? पण बसवलं होतं, आणि गंमत म्हणजे पालक खूश होते. फी भरायला आलेला माणूस आपल्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगूनच परत जायचा.

घर चौथ्या मजल्यावर. बाल्कनीतून समुद्र दिसायचा आणि समुद्रात नांगर टाकून उभी असलेली मोठाली जहाजं. इंधन भरून घ्यायला येतात आणि नंबर लागेपर्यंत तिष्ठत राहतात. नवरा राजन तेलाच्या टर्मिनलवर ऑफिसात होता, म्हणजे त्याच जहाजांचं वेळापत्रक सांभाळायचा. "ते पांढरं कुठलं? आत माणसं किती असतील? त्यांना कंटाळा येत नाही का रे?" असं ती विचारायची आणि राजन पेपरमधून डोकं न काढता म्हणायचा, "छाया, आज सुट्टी आहे माझी."

मूल नव्हतं. त्यासाठी व्हायचं ते सगळं होऊन गेलं होतं, ते आता उगाळत नाही. मग दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं, भारतातून. अर्ज झाला, घर बघायला समाजसेविका येऊन गेली, आणि मग वाट बघणं सुरू झालं. किती? एवढंच सांगतो की वेटिंग सुरू झालं तेव्हा आणलेला बाल्कनीतला कढीपत्ता आता छायाच्या खांद्याला लागत होता. आणि एक दिवस ईमेल आला. चंद्रपूरकडच्या एका बालगृहातली मुलगी, वय सहा, नाव दिया. आजीजवळ वाढलेली, आजी वारल्यावर संस्थेत आलेली. सोबत उंची, वजन सतरा किलो, दातांची तपासणी, लसी. आणि एक फोटो, त्यात ती कॅमेऱ्याकडे अशी बघत होती की जणू कॅमेऱ्याचीच तपासणी चाललीय.

छायाने होकार द्यायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. पण तिच्या डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठलं. कुशीवर झोपते का पालथी? दुधावरची साय आवडते का शी म्हणते? पाल दिसली तर पळते का मारते? कागदावर दात होते, पण ती हसते कशाला ते कुठे होतं?

"दर शनिवारी व्हिडिओ कॉल करा," संस्थेच्या ताई म्हणाल्या. "मुलीला तुमची सवय होऊ दे."

झालं! राजनच्या अंगात टर्मिनलचा मॅनेजर संचारला. "हे बघ, फर्स्ट इम्प्रेशन आहे. प्रॉपर सेटअप पाहिजे." हॉलमधल्या सोफ्यासमोर फोनचा स्टँड लागला. पुढे टीपॉय, त्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ आणि गणपती. आवाज नको म्हणून एसी बंद. छायाने चंदेरी साडी काढली, राजनने इस्त्रीचा शर्ट घातला. शर्ट फक्त हं! खाली घरातली निळी हाफ पँट, कारण फ्रेम टीपॉयपाशी संपायची आणि एसीविना फुजैरात पँट घालून बसणं म्हणजे शिक्षा.

"आणि एक," राजन म्हणाला, "कॉल चालू असताना उठायचं नाही. मूल बावरतं. आणि प्लीज, तुझे क्वेश्चन्स नकोत. तिला इंटरव्ह्यू वाटायला नको."

"एकसुद्धा नको?"

"एकसुद्धा नको."

आणि काय सांगू, त्या बयेने ऐकलंसुद्धा! जन्मात पहिल्यांदा. भीतीच तशी होती. आपल्या एखाद्या आगाऊ प्रश्नाने हे हातातोंडाशी आलेलं निसटलं तर, या विचाराने तिने जीभ आवळून धरली. पुढचे कितीतरी शनिवार दोघं सोफ्यावर मांडीला मांडी लावून बसले, पोहे खायला पाहुणे आलेत आणि मुलगी दाखवायचा कार्यक्रम चाललाय असे. ताठ. हसरे. "दिया बेटा, कशी आहेस? छान! आम्ही पण छान!" पलीकडे ती पोरगी ताईंच्या मांडीला टेकून डोळे बारीक करून बघत राहायची आणि एक अक्षर बोलायची नाही.

एकदा तर कॉल चालू असताना दाराची बेल वाजली. पाण्याचा कॅन घेऊन आलेला माणूस होता. इथे पिण्याचं पाणी असंच मोठ्या कॅनमधून घरपोच येतं. तो बिचारा बेल दाबत राहिला. छाया उठणार तोच राजनने टीपॉयखालून तिचा पदर धरला. बेल वाजतेय, दोघं हसतायत. शेवटी तो माणूस कॅन दारातच ठेवून निघून गेला. राजनच्या कमरेतली चकती सरकलेली, डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केलेली. मग छायाने तो कॅन पायाने ढकलत ढकलत स्वयंपाकघरापर्यंत नेला.

बुधवारी ती शाळेत असताना ताईंचा फोन आला. आवाज जरा वेगळा होता.

"छायाताई, कसं सांगू... पाच वर्षांपुढच्या मुलाला आम्हाला विचारावं लागतं. त्याची मर्जी नसेल तर पुढे जाता येत नाही. काल दियाला विचारलं. ती नाही म्हणाली."

छायाच्या समोर एक आजोबा नातवाच्या ॲडमिशनचं विचारत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते फक्त.

"शनिवारी तुमच्यासमोर पुन्हा एकदा विचारते," ताई म्हणाल्या. "तेव्हाही नाही म्हणाली, तर मला तसं कळवावं लागेल. मग तिच्यासाठी दुसरं घर बघतील, तुमचा नंबर पुन्हा मागे जाईल. नाइलाज आहे हो."

आणि बघा, जगाला प्रश्न विचारणाऱ्या या बाईला त्या वेळी साधं 'का?' एवढं विचारायचं धैर्य झालं नाही. हो हो म्हणत तिने फोन ठेवला.

घरी येऊन ती शेजारच्या हलिमाकडे गेली. हलिमा रत्नागिरीची, नवरा मुनीर जहाजांना भाजीपाला पुरवायचा. तिच्या ओट्याशी उभी राहून छाया हमसून हमसून रडली. हलिमाने तिला रडू दिलं, चहा टाकला, आणि मग जी सुरू झाली!

"आता माझा ऐक. त्या दिवशी मी वाटी द्यायला आले होते, तुमचा फोन चाललेला. दार लोटलेलंच होतं, फटीतनं बघितलं आणि तशीच मागे फिरले. अगो, काय ते बसणं! माझ्या निकाहात मी एवढी ताठ बसले नव्हते. तू अशी आहेस का? माझ्याकडे येतेस तेव्हा आधी टोपाचं झाकण उघडून बघतेस."

"राजन म्हणाला..."

"राजनभाऊंना जहाजं कळतात. तू तिला विचारलंस का, का नाही म्हणाली?"

"नाही."

"माझ्या पोरीला, एमानला, शाळेत कुणी ढकललं, तर तू माझ्याआधी तिला दहा प्रश्न विचारलेस. आणि स्वतःच्या पोरीला एक नाही? विचार की! सांगेल, नाहीतर नाही सांगेल. इन्शाल्ला सांगेलच."

'स्वतःच्या पोरीला' हे हलिमा सहज बोलून गेली. छाया घरी येईपर्यंत तेच घोळवत राहिली.

शनिवार उजाडला. राजनने सवयीने स्टँड लावला, एसी बंद केला. दोन दिवस तोही नीट जेवला नव्हता, पण शर्टाची इस्त्री मात्र कडक होती. पाण्याचा माणूस येऊन गेला होता, भरलेला कॅन दाराशी उभा होता. फोनवर दिया दिसली. दोन वेण्या, पिवळा फ्रॉक, ओठ घट्ट मिटलेले.

ताई काही बोलायच्या आत छाया म्हणाली, "दिया, एक विचारू? तुला आमच्याकडे का नाही यायचं गं?"

राजनने टीपॉयखालून तिला चिमटा काढला. तिने त्याचा हात झटकला.

दियाने ताईंकडे पाहिलं, मग त्यांच्या कानाशी लागली. बराच वेळ कुजबुज चालली. ताईंचा चेहरा आधी हसल्यासारखा झाला, मग एकदम उतरला.

"ती म्हणतेय..." ताईंनी घसा खाकरला. "ती म्हणतेय, त्यांना पाय नाहीत."

"काय नाहीत?" राजन ओरडलाच.

मग दिया स्वतःच बोलली. तिचा आवाज ही दोघं पहिल्यांदा ऐकत होती. घोगरा, ठसकेबाज आवाज होता. "बसूनच राह्यते तुमी. बेल वाजली तरी उठले नाही. माही आजी बी अशीच बसून राहे. मंग पाणी मलेच आणा लागे. लई जड राहे."

ताई हळूच म्हणाल्या, "आजी खाटेवरच होत्या हो. हातपंपावरून पाणी ही आणायची. एवढीशी होती."

छायाला हसूही आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि कुठलंच धड बाहेर पडेना. पण राजन! तो ताडकन उठला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली निळी हाफ पँट, त्याखाली दोन केसाळ पाय. टीपॉयला वळसा घालून तो फोनसमोर आला आणि एकेक पाय वर करून दाखवू लागला. "हे बघ! हा एक! हा दुसरा! आहेत की नाही?"

दियाने मान पुढे काढली. "चालून दाखवा."

तो चालला. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आता थे."

'थे' म्हणजे छाया. छायाने चंदेरी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि स्टँडवरचा फोन काढून हातात घेतला. खड्ड्यात गेली फ्रेम. तिने सगळं घर पायी फिरवलं. स्वयंपाकघर, सिंकमधली खरकटी भांडी, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, बाल्कनी, कढीपत्ता.

"थे काय आहे?"

"जहाज."

"कायले उभं आहे?"

"नंबर लागायचा आहे त्याचा. वाट बघतंय."

"आत माणसं आहेत? त्यायले कंटाळा नाही येत?"

छाया म्हणाली, "मीसुद्धा हेच विचारते गं. कुणी सांगतच नाही मला."

दिया जराशी हसली. पुढचा दात पडलेला होता. पण मुद्द्यावरून हलेल तर शपथ. "पाणी कोण आणते तुमच्या घरी?"

"माणूस आणून देतो, दारात."

"अन् दारातून आत?"

राजनने छायाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग तो दाराशी गेला आणि वाकला.

"राजन, कंबर! अरे, डॉक्टरांनी..."

"गप्प बस गं," तो म्हणाला, आणि त्याने तो भरलेला कॅन दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. लाल झाला होता नुसता. तसाच चालत तो फोनसमोर येऊन उभा राहिला.

"भरेल आहे का तो?" दियाने संशयाने विचारलं.

छायाने कॅन हलवून दाखवला. आतलं पाणी डचमळलं.

"दिया," राजन धापा टाकत म्हणाला, "पाणी तू नाही उचलायचं. कधीच नाही. हे काम माझं. आणि तू तर याच्याहून हलकी आहेस, सतरा किलो. कागदावर वाचलंय मी. तुलासुद्धा उचलेन."

दिया त्या कॅनकडे बघत होती. राजनचे दंड थरथरायला लागले.

"आता ठेवू का खाली?" त्याने विचारलं. छायाला नाही, दियाला.

दियाने विचार केला. मग हळू आवाजात म्हणाली, "मले बी असंच लगेच खाली ठेवणार का?"

छायाचे सगळे प्रश्न त्या क्षणी संपले. तिला कुशीवर झोपते का ते विचारायचं नव्हतं, सायीचं विचारायचं नव्हतं. तिने फोन तोंडाजवळ आणला.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "तू 'सोडा आता' म्हणेपर्यंत नाही."

राजनने कॅन तसाच धरून ठेवला होता. दियाने ताईंकडे वळून पाहिलं, मग परत फोनकडे.

"मंग येतो मी," ती म्हणाली. "आता ठेवा थो. हळू ठेवा, कंबर दुखन."