गाडीखालची सावली

माझा दादा ट्रक ड्रायव्हर आणि मी विजेच्या ट्रकांसाठी चार्जिंगच्या जागा आखणारी इंजिनिअर. "म्या गाडी हाकायची आन् तू तिला पाजायचं," असं म्हणून तो मला चिडवायचा. विजेच्या ट्रकवर त्याला घेतलं तेव्हा त्यानं गल्लीभर पेढे वाटले होते.

दुपारी गाडी उभी केली की दादा तिच्याखाली पोतं अंथरून झोपायचा. घोडेगावच्या कांदा मार्केटबाहेर ट्रकांच्या रांगेत सगळेच असे झोपायचे. किल्ली गाडीतच ठेवायची, रांग सरकली की मागचा ड्रायव्हर पुढची गाडीही पुढे घ्यायचा. सेल्फ मारला की डिझेलची गाडी अशी थरथरते, की खालचा माणूस शिव्या देत बाहेर येतो. मगच ती हलते.

घोडेगावजवळच्या चार्जिंग यार्डाचा नकाशा माझाच. ट्रान्सफॉर्मर, केबल, वळायला जागा, सगळं मंजूर झालं. ड्रायव्हरांसाठी मागितलेली शेड आणि चार खाटा तेवढ्या कापल्या. "केबिनला एसी आहे की मॅडम, झोपतील तिथंच." मी भांडभांड भांडले. बैठकीतले लोक हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

घरी सांगितलं तर दादा म्हणाला, "जाऊ दे बये. केबिनीत कुटं झोप लागती? पाठ भुईला टेकाय पायजे. गाडीची सावली हाय की आमाला."

उन्हाळ्यातली दुपार होती. घोडेगावच्या यार्डात दादाची गाडी चार्ज झाली होती आणि मागे त्याच्या मित्राची गाडी खोळंबली होती. मित्रानं केबल काढली आणि नेहमीसारखी दादाची गाडी पुढे घेतली. ना आवाज, ना थरथर. दादाला जागच आली नाही.

तो मित्र आमच्या दारात गुडघ्यात डोकं घालून बसला होता. "आवाजच न्हाई झाला हो ताई," एवढंच म्हणत होता. त्याच्यावर रागवायचं तरी कसं? आईनं त्याला पाणी दिलं.

जामखेडच्या यार्डाच्या नकाशात मी पुन्हा शेड काढली आणि भांडायच्या तयारीनंच बैठकीला गेले. कोणी हसलं नाही. साहेबांनी शेडवर बोट ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "खाटा आठ करा."

मला एकच हवी होती. घोडेगावला.